भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला, पैशाचं कसं जुळवायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा बारावी झाली. सीईटीत चांगले पर्सेंटाईल आले आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला. घर परभणी जिल्ह्यात, सेलूजवळ. दाजी गवंडीकाम करतात, दीड एकर कोरडवाहू आहे, त्यात सोयाबीन. प्रवर्ग ओबीसी. जात वैधता आणि नॉन क्रीमीलेअर दोन्ही हातात आहे, उत्पन्नाचा दाखला एक लाख दहा हजारांचा आहे.

अडचण अशी की कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." ट्यूशन फी लाखाच्या वर, डेव्हलपमेंट फी वेगळी, आणि हॉस्टेलचा आकडा ऐकून ताई गप्पच झाली. दाजी म्हणतात अर्धा एकर काढू, नाहीतर सावकाराकडून उचलू. मी त्यांना कसंबसं थांबवलंय.

मुलींची फी माफ झाल्याचं पेपरात वाचलं होतं, मग हे पैसे कसले? राहण्या-जेवणाचं काही मिळतं का? रिपोर्टिंगची मुदत परवा संपतेय. मी अंबरनाथला नोकरीला आहे, आज रात्रीच्या गाडीने पुण्याला निघतोय. जाणकारांनी कृपया लिहा.

खिडकी नंबर तीन

आधी दाजींना फोन करा. म्हणावं, जमिनीला हात लावू नका आणि सावकाराची पायरी चढू नका.

मी एका कॉलेजात शिष्यवृत्ती विभागात क्लार्क होतो, आता निवृत्त आहे. तुमच्यासारखी माणसं खिडकीपुढे उभी राहिलेली रोज बघितली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. २०२४-२५ पासून पूर्ण झाली. विनाअनुदानित कॉलेजही यात येतं. अट एकच महत्त्वाची, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला लागू नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही बाहेर. तुमच्या भाचीचा नंबर कॅपमधून लागलाय, म्हणजे ती शंभर टक्के पात्र आहे.

आता "आधी भरा, मग परत देऊ" याबद्दल. सवलतीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून ती रक्कम प्रवेशावेळी घ्यायची नाही, अशा सूचना शासनाने कॉलेजांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. तरी काही ठिकाणी मागतात. कारण सरकारकडून पैसे येईपर्यंत वर्ष उलटतं आणि तोवर पगार कुठून द्यायचे हा त्यांचाही प्रश्न असतो. त्यांचा प्रश्न खरा आहे, पण तो गवंड्याच्या दीड एकरावर सुटायला नको.

उद्या खिडकीवर गेल्यावर आवाज चढवू नका. शासन निर्णयाची छापील प्रत, कॅपचं अलॉटमेंट लेटर, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर आणि जात वैधता असा संच एका अर्जाला लावा. अर्जात लिहा की विद्यार्थिनी शंभर टक्के शुल्क सवलतीस पात्र आहे, शिक्षण शुल्क न घेता प्रवेश निश्चित करावा. दोन प्रती घ्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का मारून मागा. शिक्का मागितला की बऱ्याच खिडक्यांवरची भाषा बदलते. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षण संचालनालयाचं विभागीय कार्यालय पुण्यातच आहे, तिथे सहसंचालकांच्या नावाने तक्रार द्या.

डेव्हलपमेंट फी मात्र माफीत येत नाही, ती भरावी लागेल. किती भरायची ते कॉलेजच्या तोंडी आकड्यावरून ठरवू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी वर्षनिहाय असते. त्याची प्रिंट जवळ ठेवा.

तिसरं वर्ष

मी सध्या पुण्यातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काकांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडून पहिल्या वर्षी पूर्ण फी भरून घेतली होती आणि परतावा मिळायला दुसरं वर्ष संपत आलं.

अजून एक. हमीपत्रावर सही घेतील, "शासनाकडून रक्कम प्राप्त न झाल्यास मी भरीन" असा मजकूर असतो. सही करायला हरकत नाही, पण कोरे चेक देऊ नका. आणि दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट तपासून झाल्या की परत घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच काढलेलं आहे.

गोदाकाठ

काका, खूप आभार. दाजींना लगेच फोन केला. अर्जाचा मजकूर आत्ताच टाईप करतोय.

राहण्याचं कोणी सांगेल का? कॉलेजचं हॉस्टेल परवडणारं नाही.

कॉट बेसिस

राहण्याबद्दल मी लिहितो, कारण पुण्यात चार पोरांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहूनच मी पदवी घेतली. मी अनुसूचित जातीतला, त्यामुळे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू होती. तुमच्या भाचीला ती लागू नाही. पण ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम. खुल्या प्रवर्गातल्या, मराठा समाजातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. नावं वेगळी, खाती वेगळी, पण सगळ्यांचा हेतू एकच. मूल सरकारी वसतिगृहात नसेल तर बाहेर राहण्या-जेवणाचे पैसे त्याच्या खात्यात टाकायचे.

स्वाधारचे पुण्यासारख्या शहराचे आकडे सांगतो. भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,०००, निर्वाह भत्ता ८,०००, एकूण वर्षाला ६०,०००. इतर महापालिका असलेल्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. इंजिनिअरिंग आणि मेडिकलवाल्यांना साहित्यासाठी वर ५,०००. आधार योजनेतही पुण्याला साठ हजारच आहेत, पण तिथे जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थी अशी मर्यादा आहे, म्हणजे राज्यात २१,६००. निवड गुणवत्तेवर होते. म्हणून जाहिरात निघाली की पहिल्या आठवड्यातच अर्ज करा.

आता यातलं खरं सांगतो. ३२,००० भागिले दहा महिने म्हणजे जेवणाला महिना ३,२००. मेसमध्ये दोन वेळचा डबा लावला की त्यातलं काही उरत नाही, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. निवासाचे महिन्याला दोन हजार येतात, त्यात पुण्यात साधी कॉटसुद्धा मिळत नाही. म्हणजे पूर्ण भागत नाही, पण मोठा आधार होतो. माझे पैसे आले ते वर्ष सरता सरता. तोवर मेसवाल्या मावशींनी वहीवर लिहून ठेवून जेवू घातलं. त्यांनी एकदाही टोकलं नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी मी आधी त्यांच्याकडे गेलो.

म्हणून भाचीला पाठवताना पहिल्या सहा-सात महिन्यांचा खर्च घरून किंवा तुमच्याकडून तयार ठेवा. योजनेच्या भरवशावर जून-जुलैची व्यवस्था लावू नका. भाडेकराराची प्रत, खोलीमालकाचं पत्र, कॉलेजचं बोनाफाईड आणि हजेरीचा दाखला हे पहिल्या दिवसापासून जमवत राहा. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर हप्ता अडकतो.

जळगावची प्राध्यापिका

ओबीसी मुलामुलींसाठी शासनाने जिल्ह्याला दोन अशी ७२ वसतिगृहं मंजूर केली, एक मुलांचं, एक मुलींचं. पुण्यात मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते का ते आधी बघा. तिथे नंबर लागला तर आधार योजना मिळणार नाही, पण मुलीच्या दृष्टीने वसतिगृह केव्हाही बरं. अर्ज इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात.

शिवाय पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केली. खेड्यातल्या होतकरू मुलामुलींना अल्प खर्चात राहणं-जेवण देणारी संस्था आहे. मुलाखत घेऊन निवडतात, घरची परिस्थिती बारकाईने विचारतात. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथे राहून शिकल्या. दोघींच्या बोलण्या-वागण्यात पडलेला फरक मी बघितलाय, पैशाच्या सोयीपलीकडे तिथे बरंच काही मिळतं. उद्या पुण्यात आहातच, तर तिथे जाऊनच या.

बँकेतली ताई

फी आणि राहणं याखेरीज लॅपटॉप, पुस्तकं, डेव्हलपमेंट फी याला पैसे कमी पडले तर सावकाराऐवजी शैक्षणिक कर्ज बघा. मी सरकारी बँकेत कर्ज विभागात आहे.

चार लाखांपर्यंत मार्जिन मनी लागत नाही, म्हणजे तुमचा हिस्सा शून्य. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिसऱ्या माणसाची जामीनकी लागत नाही. आई-वडिलांपैकी एकजण सहकर्जदार लागतो. ज्या घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. अभ्यासक्रमाची वर्षं अधिक एक वर्ष, या काळाचं सगळं व्याज सरकार भरतं. कॉलेजला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन आहे का ते मात्र पाहावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी वेगळी. ती निवडक संस्थांसाठी आहे, सुरुवातीला ८६० होत्या, आणि त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरच करा, तोंडी विचारून परत येऊ नका. तोंडी नकाराची कुठेच नोंद राहत नाही. अर्ज पोर्टलवर असला की नाकारायला शाखेला कारण लिहावं लागतं आणि वरिष्ठांची संमती घ्यावी लागते. अनुदानासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला पहिल्याच वर्षी कर्जखात्याला जोडलाय ना, याची खात्री करा. तो जोडायचा राहिल्यामुळे अनुदान न मिळालेली खाती मी बघितली आहेत, आणि चार वर्षांनी ते व्याज मुलाच्या डोक्यावर येतं.

गोदाकाठ

ताई, मी मामा या नात्याने माझ्या नावावर कर्ज काढलं तर? माझा पगार आहे, बँक लगेच देईल. करातही सूट मिळते ना?

बँकेतली ताई

सूट कलम ८०ई खाली, फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. पण कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा तुम्ही ज्याचे कायदेशीर पालक आहात त्याच्या शिक्षणासाठी असावं लागतं. भाची त्यात बसत नाही. तुम्ही पर्सनल लोन काढलंत तर व्याजदर जास्त, व्याज अनुदान नाही आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून. त्यापेक्षा कर्ज भाचीच्या आणि दाजींच्या नावावर होऊ द्या. तुमचे पैसे त्या सहा-सात महिन्यांच्या राहण्या-जेवणाला लावा.

दर्यावर्दी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज मिळतं. माझ्या दोन्ही मुलींचं शिक्षण त्याच्यावर झालं. गोव्यातल्या रहिवाशांसाठीच आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या उपयोगाचं नाही, पण इथे गोव्यातले वाचकही आहेत म्हणून लिहिलं. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यातही अशी सरसकट योजना हवी.

एक करदाता

कोणाला वाईट वाटू नये, पण मनातलं विचारतो. फी माफ, जेवण, राहणं, व्याज, सगळंच सरकारने द्यायचं का? आमच्या मुलाची फी आम्ही कर्ज काढून भरतोय. उत्पन्न आठ लाखांच्या थोडं वर आहे एवढाच आमचा गुन्हा.

खिडकी नंबर तीन

तुमची तक्रार मी समजू शकतो. आठ लाखांची रेघ कुठेतरी मारावी लागते आणि तिच्या जरा पलीकडे जो उभा असतो त्याच्यावर अन्याय होतो, हे खरंच आहे. तुमच्यासारख्यांना व्याजात तरी टप्प्याटप्प्याने सवलत असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सरकारने का द्यायचं, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं आणि मग एकामागून एक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोचत नाही तो राहण्या-जेवणापायी, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कमवा आणि शिका या तत्त्वावर चालवलं. मुलं सकाळी शेतात, बांधकामावर राबायची आणि मग वर्गात बसायची. मराठी समाजातली शिकलेली पहिली पिढी कोणाच्या ना कोणाच्या अशा हातभारावरच उभी राहिली. माझे वडील रयतच्या वसतिगृहात वाढले. तिथे त्यांना जेवायला मिळालं नसतं तर मी क्लार्कही झालो नसतो.

एक करदाता

काका, पटलं. तुम्ही म्हणता ती टप्प्याटप्प्याची सवलत व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. धागाकर्त्यांना शुभेच्छा, मुलीला पुण्यात काही अडलं तर व्यक्तिगत निरोप करा, मी कोथरूडला असतो.

ओळंबा

धाग्यात एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. मुलीचे वडील गवंडी आहेत. त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का?

मी स्वतः सेंट्रिंगच्या कामावर सुपरवायझर आहे. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मंडळ शैक्षणिक अर्थसाहाय्य देतं. पदवीला वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,०००, मेडिकलला वर्षाला एक लाख. हे पैसे सरकारच्या तिजोरीतले नाहीत. प्रत्येक मोठ्या बांधकामावर उपकर घेतात, त्यातून हे मंडळ चालतं. म्हणजे गवंड्याच्या घामातूनच जमलेला निधी आहे तो, दाजींनी संकोच करू नये.

नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि आमची निम्मी माणसं इथेच मागे पडतात. मुलगी इंजिनिअर होईपर्यंत दरवर्षी तारीख लक्षात ठेवायची. एजंटला पैसे देऊन नोंदणी करू नका, तो खोटे दाखले लावतो आणि मग अर्ज बाद होतो.

गोदाकाठ

ओळंबा, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दाजी वीस वर्षांपासून गवंडीकाम करतात, नोंदणी नाही. उद्याच त्यांना तालुक्याला पाठवतो.

तिसरं वर्ष

एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्तीही बघा. तांत्रिक पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी वर्षाला ५०,०००, उत्पन्न आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी त्यांचीच सक्षम शिष्यवृत्ती आहे, तेवढीच रक्कम. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ती घेतली तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही, त्यामुळे कागदावर हिशोब मांडून मगच ठरवा. तुमच्या भाचीची शिक्षण शुल्काची माफीच लाखाच्या वर जाते, तेव्हा ती सोडण्यात अर्थ नाही.

सोयगावचा

माझा भाऊ बीएस्सीला आहे, बोर्डात चांगले मार्क होते, खुला प्रवर्ग. त्याला काय?

जळगावची प्राध्यापिका

केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कीम. बारावीच्या बोर्डात त्या शाखेत ८० पर्सेंटाईलच्या वर असेल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीची तीन वर्षं वर्षाला १२,०००, पुढे पदव्युत्तरला वर्षाला २०,०००. देशभरात दरवर्षी नवीन ८२,०००. त्यात बसत नसेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात असेल तर कमवा व शिका योजनेबद्दल विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासाच्या हिशोबाने काम मिळतं.

गोदाकाठ

आज कॉलेजात जाऊन आलो. अर्ज शिक्क्यासह दिला. खिडकीवर आधी "असं काही नाही" म्हणाले, मग शासन निर्णयाची प्रत घेऊन आत गेले आणि पाऊण तासाने बोलावलं. शिक्षण शुल्क न घेता प्रवेश झाला. फक्त डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ भरलं, पावती घेतली. हमीपत्रावर भाचीने वाचून सही केली. ताईला फोनवर सांगितलं तर तिला बोलताच येईना.

आता महाडीबीटीवर अर्ज भरायचाय. भरताना काय सांभाळायचं?

खिडकी नंबर तीन

फार छान वाटलं. पण हे लक्षात घ्या, प्रवेश झाला म्हणजे माफी झाली असं नाही. महाडीबीटीचा अर्ज भरला नाही किंवा तो मध्येच अडकला, तर हमीपत्र दाखवून कॉलेज फी मागेल आणि तेव्हा त्यांचं चुकणार नाही. म्हणून नीट वाचा.

मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. प्रोफाईलमध्ये सध्याच्या अभ्यासक्रमाची माहिती भरताना प्रवेशाचा प्रकार कॅप असाच निवडा आणि कॅपचा अर्ज क्रमांक टाका. तिथे संस्थास्तर असं निवडलं गेलं तर पात्र योजनांच्या यादीत तुमची योजना दिसतच नाही, आणि मुलं समजतात आपण अपात्र आहोत. उत्पन्न दाखल्यावर जेवढं आहे तेवढंच लिहा. वडिलांचं नाव आधारवर, दाखल्यावर आणि मार्कशीटवर सारखं आहे का बघा. "रामराव" आणि "रामा" असा फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. कागद २५६ केबीच्या आत बसवा, पण अक्षर वाचता आलं पाहिजे. क्लार्कला शिक्का दिसला नाही तर तो अर्ज परत पाठवणारच.

बँक खातं. महाडीबीटीचे पैसे तुम्ही लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. आधारला एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत जे खातं शेवटचं जोडलेलं आहे त्याच्यावर जातात. शाळेत असताना उघडलेल्या एखाद्या खात्याला आधार जोडलेलं असतं, ते खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं आणि पैसे तिथे आदळून परत जातात. मायआधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती दिसते. आज रात्रीच तपासा. चालू खातं जोडलेलं नसेल तर बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या.

पोर्टलवर "राईट टू गिव्ह अप" असं बटण आहे. ते शिष्यवृत्तीवरचा हक्क सोडण्याचं आहे. घाईत किंवा कॅफेवाल्याच्या हातून ते दाबलं गेल्यामुळे हक्काचे पैसे सोडून बसलेली मुलं आहेत. त्याला हात लावायचा नाही. चुकून दाबलं गेलंच तर त्याच दिवशी कॉलेजात आणि खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या. शक्यतो अर्ज भाचीने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसा. युजरनेम-पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तेच लागतात.

अर्ज पाठवल्यावर प्रिंट आणि कागदपत्रांचा संच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. मग अर्ज क्लार्ककडून प्राचार्यांकडे आणि तिथून खात्याकडे जातो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघायची. "सेंट बॅक" दिसलं तर त्यात कारण लिहिलेलं असतं, ते दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं. मुदतीत नाही पाठवलं तर ते वर्ष गेलं.

कॉट बेसिस

काकांच्या यादीत माझी भर, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट आपल्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात त्याच दिवसांत पेरणी असते, कोणाचं आजारपण असतं, पैसे वापरले जातात. मग शेवटच्या वर्षी कॉलेज दाखल्यासाठी अडवतं. फी आणि निर्वाह भत्ता यांची रक्कम वेगवेगळी समजून घ्या आणि फीची रक्कम आली त्याच दिवशी भरून पावती घ्या. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी नाही म्हणणं फार जड जातं.

गोदाकाठ

सीडिंग तपासलं. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, आधार पाचवीत असताना उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. आज नवीन खात्याला जोडायचा फॉर्म दिला. समितीच्या वसतिगृहात मुलाखतीची तारीख मिळाली आहे. दाजींना ठेकेदाराने ९० दिवसांचा दाखला द्यायचं कबूल केलंय. ओबीसी वसतिगृहाचा अर्जही भरतोय.

एक शंका राहिली. पहिल्या वर्षी एखाद-दुसरा विषय राहिला तर सवलत बंद होते का?

खिडकी नंबर तीन

एटीकेटी मिळून पुढच्या वर्गात प्रवेश झाला तर नूतनीकरण होतं. वर्ष वाया गेलं तर त्या वर्गासाठी पुन्हा मिळत नाही. निकाल लागला की गुणपत्रिका लगेच स्कॅन करून ठेवा, आणि उत्पन्नाचा दाखला मार्च संपला की नव्याने काढायला टाका. जूनमध्ये तहसीलला गर्दी होते.